उद्घाटक खेळत नसतात

माझ्या आत्यावर अन्याय झाला. कधी, तर नाताळ आणि नवीन वर्षाच्या सुट्ट्या संपल्यावरच्या पहिल्याच रविवारी, संध्याकाळी, लालबागच्या आमच्या टॉवरच्या पोडियमवरल्या हॉलमध्ये, सोसायटीच्या सेक्रेटरीने तिच्या खांद्यावर शाल टाकली त्या क्षणी. शाल टाकली, हातात नारळ दिला आणि तिला कॅरमच्या स्पर्धेतून बाहेर काढलं. हॉलभर टाळ्या वाजल्या. माणसाला हाकलताना टाळ्या वाजवायची रीत आम्ही कुठून उचलली कोण जाणे, पण आता ती आमच्या अंगात पक्की मुरली आहे.

मी हे लिहितेय म्हणून घरात राग आहे. बाबा म्हणतात, "मान दिला त्याला तू अन्याय म्हणतेस? त्या पत्रकांनी तुझं डोकं फिरवलंय." पत्रकांनी डोकं फिरवलेलं नाही. कॉलेजपासून पत्रकं लिहिते, सह्यांच्या मोहिमा करते, परळच्या नाक्यावर उभी राहून लोकांच्या हातात कागद कोंबते. त्यातून एवढंच शिकले की कुणावर, कधी, कुठे हे पहिल्या ओळीत सांगायचं. नाहीतर वाचणारा त्या कागदाची पुडी करून शेंगदाणे खातो. म्हणून आधी ते सांगून टाकलं. आता बाकीचं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. शिवडीला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, गेल्या वर्षी रिटायर झाली. ती आमच्या घरात राहते असं बाबा पाहुण्यांना सांगतात. खरं असं आहे की आम्ही तिच्या घरात राहतो. चाळीतली खोली तिच्या नावावर होती, म्हणून चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरमधला फ्लॅटही तिच्याच नावावर आला. हे बाबा पाहुण्यांना सांगत नाहीत.

कॅरम ती शाळेत असताना शिकली. गिरण्यांचा संप चालू होता, घरोघरचे बाप्ये दिवसभर गॅलरीत बसून. जिन्याच्या तोंडाशी पालथ्या पिंपावर बोर्ड मांडलेला, वर पुठ्ठ्याची टोपी घातलेला बल्ब. चौथा गडी कमी पडला की आजोबा हिला हाक मारायचे, "ये गो, बस जरा, तो येईपर्यंत." तो येईपर्यंत बसलेली ही पोर पुढे उठलीच नाही. तो जो कोण होता, त्याला दुसरीकडे जागा शोधावी लागली.

आमच्या चाळीची स्पर्धा डिसेंबरात कधीच नसायची. डिसेंबरात अर्धी चाळ गावाला जत्रेला, उरलेली अर्धी पाहुण्यांकडे. सगळे परत आले, सगळ्यांचे घसे बसले, ऑफिसं सुरू झाली, पोरांची हरवलेली दप्तरं सापडली, गावाहून आणलेले कोकमाचे आणि कुळथाचे डबे शेजारीपाजारी वाटून झाले, की जानेवारीतल्या रविवारी बोर्ड बाहेर निघायचा. एकच बोर्ड, म्हणून एकच गट. बायकांचा वेगळा गट काढायचा तर दुसरा बोर्ड आणावा लागला असता, आणि दुसऱ्या बोर्डाला मंडळाकडे पैसे नव्हते. आमच्याकडे स्त्री-पुरुष समानता आली ती अशी. ती विचाराने आली असं कुणी भाषणात सांगितलं तर खुशाल उठून चालायला लागा.

तर त्या एका गटात आत्या जिंकायची. इतकी जिंकायची की शेवटी मंडळाने कप देणं सोडलं आणि स्टीलचे डबे द्यायला सुरुवात केली. आमच्या स्वयंपाकघरातला डाळीचा डबा तिने जिंकलेला आहे, पोह्यांचा तिने जिंकलेला आहे, साखरेचाही. आई रोज सकाळी चहाला साखर घेते ती कुणाला तरी हरवून आणलेल्या डब्यातून. ज्यांना हरवलं ते सगळे अजून त्याच इमारतीत राहतात, लिफ्टमध्ये भेटतात आणि आता कमिटीवर आहेत.

सेक्रेटरी त्यातलाच. आत्याहून दोन वर्षांनी लहान, चाळीत आमच्यापासून तिसऱ्या खोलीत वाढलेला. लहानपणी डबल्समध्ये हा तिचा पार्टनर असायचा, आणि पुढे फायनलला बहुतेक वेळा समोर. तो वाईट खेळत नाही. तिच्याएवढा चांगला खेळत नाही, एवढंच. एवढं पचवायला काही लोकांना एक जन्म पुरत नाही.

टॉवरमध्ये राहायला आल्यावरची पहिली स्पर्धा गेल्या जानेवारीत झाली. फायनलला पुन्हा हे दोघे. पंचवीसचा गेम. आत्या बावीस, तो अठरा. बोर्ड अर्ध्यावर आलेला, तिच्या तीन पांढऱ्या उरलेल्या, त्याच्या काळ्या सगळ्या विखुरलेल्या. तेवढ्यात जेवणाचा कंत्राटदार आला. त्याला टेबल पाहिजे होतं. हॉलमधलं तेवढं एकच मोठं टेबल, आणि त्यावर बोर्ड.

"पुलाव थंड होतोय," आताचा सेक्रेटरी उभा राहून सगळ्यांना म्हणाला. "लोकं ताटकळलीयत. आपण गेम इथेच थांबवू. पुढच्या वर्षी इथूनच सुरू. बावीस-अठरा. काय गो, चालेल ना?"

आत्या घरात आणि चाळकऱ्यांशी मालवणीच बोलते. ती म्हणाली, "चलात. पण बावीस-अठरा ध्यानात ठेव."

"अगं, सगळ्यांच्या समोर सांगतोय."

सगळ्यांच्या समोर सांगितलं, हे खरं. मीही तिथेच होते, हातात कागदी ताट घेऊन. मग बोर्ड उचलला आणि त्या जागी पुलावाचं पातेलं आलं.

आत्याने त्या शब्दावर एक वर्ष काढलं. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतात. हिने पलंगाखालून चाळीतला जुना बोर्ड काढला आणि दुपारी जेवणं झाली की डायनिंग टेबलावर मांडायला लागली. टक, टक, टक. खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार करून गेल्या, तेव्हा बोर्डाखाली टॉवेल घातला. पावडर घरभर. माझे काळे कुर्ते पांढरे. आई वैतागून म्हणायची, "घर आहे की पापडाचा कारखाना?" आत्या ढिम्म. ती एकाच प्रकारचा शॉट पुन्हा पुन्हा मारायची: राणी आपल्या बाजूच्या बेसलाइनला चिकटून बसली असेल तर ती मागे कशी खेचायची. म्हणायची, "तो राणी माझ्या अंगार आणून ठेवता. त्येका म्हायत आसा, थयसून माका जमणा नाय. आता जमात."

म्हणजे एक माणूस वर्षभर एका शॉटसाठी, एका समोरच्यासाठी, एका दिलेल्या शब्दासाठी तयारी करत होता. आणि तो शब्द देणारा वर्षभर काय करत होता? सोसायटीच्या निवडणुकीत सेक्रेटरी होत होता.

या डिसेंबरात सेक्रेटरीचा मुलगा बंगळुरूहून सुट्टीला आला. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझं भांडण नाही. त्याने बॅग भरून परदेशी बोर्ड गेम आणले. खोके एवढे जाड की पहिल्यांदा मला वाटलं मिक्सर आणलाय. मग ठरलं की यंदा नुसतं कॅरम नको, तो जुनाट प्रकार झाला. यंदा 'न्यू इयर टेबलटॉप फेस्ट' करायचा. व्हॉट्सॅपवर पोस्टर आलं. पोस्टरवर एक गोरं कुटुंब टेबलाभोवती बसून हसत होतं. त्यांच्यातलं कुणी लालबागचं वाटत नव्हतं. कॅरमचं नाव सगळ्यात खाली, 'ट्रॅडिशनल कॉर्नर' म्हणून. चाळीत ज्या खेळासाठी दोन मजल्यांची माणसं जिन्यात लटकायची, तो एका कोपऱ्यात गेला.

सुट्टीच्या आठवड्यात हॉलमध्ये सराव झाला. मीही बसले एका टेबलावर. नियम समजावण्यात चहा दोनदा थंड झाला. एक बेट होतं, त्यावर रस्ते बांधायचे, त्यासाठी विटा, लाकूड आणि लोकर एकमेकांना विकायची. आमच्या टेबलावर एक बँकेत कामाला, एक विमा विकणारा आणि एक मॉलमध्ये मॅनेजर. दिवसभर जे करतात तेच सुट्टीत, फुकट, खाली मान घालून करत होते, आणि वर म्हणत होते की काय रिलॅक्स वाटतंय यार. शेजारच्या टेबलावर पोरं खोट्या नोटांनी मुंबई विकत घेत होती. त्यांच्या पाटावर परळ नव्हतं, लालबाग नव्हतं. आधीच विकलं गेलं असणार.

आत्या आमच्या मागे उभी राहून बघत होती.

"आत्या, तुम्ही पण बसा ना," सेक्रेटरीचा मुलगा म्हणाला. "सोपं आहे. समजा तुमच्याकडे मेंढ्या आहेत, मला लोकर हवीय..."

"मेंढ्ये माका नको. ह्यात हात खंय लागता?"

"हात म्हणजे?"

"हात रे. नेम."

"नेम नाही लागत यात. स्ट्रॅटेजी लागते."

"मगे ह्या ऑफिसात करा. हय कित्याक?"

तो मनापासून हसला. मग त्याने विचारलं, तुम्ही कॅरम खेळता म्हणे? आत्या म्हणाली, "बापाशीक इचार."

त्याने बापाला विचारलं की नाही माहीत नाही. पण फेस्टच्या आदल्या दिवशी बाप आमच्या दारात उभा होता, हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन. बाबांनी त्याला बसवलं, आईने चहा टाकला.

"यंदाच्या फेस्टच्या उद्घाटक तुम्ही," तो आत्याला म्हणाला. जन्मभर हिला 'गो' म्हणणाऱ्या माणसाने एकदम 'तुम्ही' म्हटलं. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. समोरचा अचानक आदराने बोलायला लागला की तो काहीतरी काढून घ्यायला आलाय, हे मी शंभर ठिकाणच्या साहेबांकडून शिकलेय. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावर, चहा पिताना सुचत नाही.

"उद्घाटक? मी?" आत्या लाजली. खरंच लाजली. "आणि आपली फायनल?"

"उद्या बघू ना. छान साडी नेसून या."

बाबा तर इतके खूश की त्यांनी गावाला फोन लावला. त्यांच्या बहिणीने एवढे डबे जिंकून आणले तेव्हा त्यांनी कधी गावाला फोन लावल्याचं मला आठवत नाही.

रविवारी आत्या हिंदमात्याच्या बाजारातून आणलेली अबोली साडी नेसली. दिवाळीला आणून घडी न मोडता ठेवलेली. पर्समध्ये रुमालात गुंडाळून स्वतःचा स्ट्रायकर घेतला. खाली गेलो. हॉलमध्ये फुगे, सतरा प्रकारची टेबलं, समोसे, आणि कोपऱ्यात नवा कोरा कॅरम बोर्ड, स्टँडसकट. माइक अर्थात सेक्रेटरीच्या हातात.

"आपल्या सर्वांच्या आदरणीय, ज्येष्ठ, एकेकाळी आपल्या चाळीचं नाव गाजवणाऱ्या..."

एकेकाळी! बावीस-अठरा गेल्या वर्षीचं आहे. स्टेजवर उभं केलेल्या माणसाला आधी भूतकाळात ढकलायचं, मग त्याला शाल घालायची. शाल घातली. नारळ दिला. गुलाबाचं फूल दिलं, ते प्लॅस्टिकचं होतं. टाळ्या. मग कॅरमच्या खेळाडूंची नावं वाचली. आठ नावं, आठही बाप्ये, त्यात सेक्रेटरी स्वतः.

आत्या स्टेजवरूनच म्हणाली, "माझा नाव ऱ्हवला."

"ताई, तुम्ही उद्घाटक," सेक्रेटरी माइकमध्ये हसला. "उद्घाटक खेळत नसतात."

"कित्याक? हात मोडता?"

लोक हसले. "तसं नव्हे हो. मान असतो. आता तुम्ही बसून आशीर्वाद द्यायचे."

"गेल्या वर्साक काय म्हणालंस तू? हयसूनच सुरू करूया म्हणालंस. बावीस-अठरा."

ज्यांना आठवत होतं ते समोसे बघायला लागले. आत्याच्या बाजूने पहिला आवाज आला तो तिच्या भावाचा, आणि तो म्हणाला, "गप बस. चारचौघांत शोभा करू नकोस. मान दिलाय ना, तो घे."

मी पुढे झाले आणि म्हणाले की काका, तुम्ही शब्द दिला होतात, मी इथेच उभी होते. सेक्रेटरी म्हणाला, "आल्या आमच्या पुढारी." पुन्हा हशा. एखादी मुलगी खरं बोलली की तिला पुढारी म्हणायचं, ही सोय किती छान आहे. पुढच्या वाक्याची गरजच उरत नाही.

मग तो घाईने म्हणाला, "चला, ताई, बोर्डावर पहिला ब्रेक मारून उद्घाटन करा. फोटो काढू."

आत्या बोर्डापाशी जाऊन खुर्चीवर बसली. सगळ्यांनी मोबाइल वर केले. फोटो काढणारा एक जण म्हणाला, "आजी, नुसता स्ट्रायकरवर हात ठेवा. मारू नका, फोटो हलतो."

"हात ठेवूक तो काय समईचो दिवो आसा?" आत्या म्हणाली. तिने पर्समधून रुमाल काढला, स्वतःचा स्ट्रायकर लाइनवर ठेवला आणि ब्रेक मारला.

सोंगट्या फुटल्या आणि एक पांढरी समोरच्या डाव्या कोपऱ्यात गेली. टाळ्या. सेक्रेटरी हात जोडून पुढे आला, "उद्घाटन झालं, आता..." आत्याने स्ट्रायकर परत लाइनवर ठेवला होता.

"ताई, झालं उद्घाटन."

"सफेद गेली. माझो चान्स आसा."

कॅरमचा हा नियम चाळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. आपली सोंगटी गेली की हात आपलाच. तो माइकमध्ये म्हणाला, "बघा, या वयातही काय उत्साह!" आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दुसरी पांढरी गेली. तिसरी कट मारून, काळीला न शिवता. शाल सरकून कोपरावर आली तेव्हा तिने ती काढून मांडीवर ठेवली, मग मांडीवर अडचण झाली म्हणून जमिनीवर टाकली. नारळ कुणाच्या तरी पायाला लागून घरंगळत गेला. चौथी गेली तेव्हा टाळ्या थांबल्या होत्या. त्या थांबल्या हे मला तेव्हा फार आवडलं. लोक बघायला लागले होते. बेटावरच्या मेंढ्या सोडून पोरं कोपऱ्यात आली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. सेक्रेटरीचा मुलगा माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "ए, हे काय लेव्हल आहे यार." मी म्हटलं, बापाला विचार.

मग राणी. राणी नेमकी तिच्या बाजूच्या बेसलाइनला चिकटून बसलेली. वर्षभर टॉवेल घालून मारलेला तोच शॉट. तिने साडीचा पदर खोचला, स्ट्रायकर समोरच्या फळीवर सोडला, तो परत येऊन राणीला एवढासा लागला आणि राणी तिच्या उजव्या हाताशी असलेल्या पॉकेटमध्ये गेली. आवाजसुद्धा झाला नाही. एक म्हातारे काका, चाळीतलेच, एवढंच म्हणाले, "आयला."

राणी घेतली की लगेच पुढच्या हाताला आपली एक सोंगटी घालावी लागते. त्याला कव्हर म्हणतात. ती नाही गेली तर राणी परत बोर्डावर. आणि आत्याची एक पांढरी समोरच्या पॉकेटच्या अगदी तोंडावर बसली होती. कुणीही घातली असती. ज्याने आयुष्यात कॅरम पाहिलं नाही त्यानेही घातली असती. तिने स्ट्रायकर लाइनवर ठेवला.

सेक्रेटरीने माइक बोर्डावर ठेवला.

बोर्डावर, सोंगट्यांच्या मध्ये, हातातला माइक आडवा ठेवला. हॉलभर खर्रर्र आवाज झाला. "वा, वा! ताईंसाठी जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" असं म्हणत त्याने दोन्ही हातांनी सगळ्या सोंगट्या गोळा करून मधोमध ओढल्या. "चला, पहिली मॅच कोणाची?"

"कव्हर बाकी आहे!" मी ओरडले.

"अगं, उद्घाटन होतं ते. वर्ल्डकप नव्हता."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्ताआत्तापर्यंत एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघणाऱ्यांनीच. माझ्या आईने वाजवल्या. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, "सगळे वाजवत होते, म्हणून." सेक्रेटरीचा मला राग आहे, पण तो एका घाबरलेल्या माणसावरचा राग आहे, तो समजतो. त्या टाळ्या मात्र मला अजून समजलेल्या नाहीत. एका बाईच्या हाताखालून दुसऱ्यांदा बोर्ड काढून घेतला, आणि डोळ्यांदेखत बघणाऱ्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला.

आत्या उठली. स्ट्रायकर रुमालात गुंडाळला. शाल तिथेच जमिनीवर होती, ती बाबांनी उचलून घडी घालून आणली. स्पर्धा सेक्रेटरीने जिंकली. खरंच जिंकली, त्यात फसवाफसवी नाही. जिच्याशी हरला असता तिला शाल घालून झाल्यावर फसवायची गरज कुठे उरते?

दुसऱ्या दिवशी मी लिफ्टमध्ये एक कागद चिकटवला. 'बावीस-अठरा. पुढच्या वर्षी इथूनच, असं सगळ्यांच्या समोर कोण म्हणालं होतं?' दुपारपर्यंत तो फाडलेला होता. व्हॉट्सॅपवर हात जोडलेले, फुलं ठेवलेली. एकाने लिहिलं, वर्षाच्या सुरुवातीला सकारात्मक राहावं. दुसऱ्याने लिहिलं, मोठ्यांच्या सत्काराचं राजकारण करू नये. मग सेक्रेटरीचा संदेश आला: महिलांच्या भावनांचा आदर करून पुढच्या वर्षीपासून खास महिलांसाठी कॅरम, हळदीकुंकवाच्या दिवशी, बक्षीस प्रेशर कुकर. आता दुसरा बोर्ड घ्यायला यांच्याकडे पैसे आहेत. एवढी वर्षं नव्हते तेच बरं होतं.

चारपाच दिवसांनी तो आम्हाला लिफ्टमध्येच भेटला. आत्या, मी आणि तो. 'तुम्ही' गायब झालं होतं.

"राग धरलंस गो?"

"तू माका घाबारलंस."

"छे गो! वयाचा मान म्हणून..."

"तू माझ्यापरास दोन वर्सांनी ल्हान. आणखी दोन वर्सांनी तुकाय शाल घालूया?"

तो दारावरचे मजल्यांचे आकडे वाचायला लागला. त्याचा मजला आला, तो उतरला. आत्या हसली नाही. मला वाटलं होतं ती हसेल, घरी येऊन आईला रंगवून सांगेल. तिने चप्पल काढली आणि आत जाऊन पडली.

आमच्याकडची खबर विचाराल तर अशी आहे. जानेवारी नेहमीसारखा गेला. आईचा खोकला थांबला, माझ्या ऑफिसात नवे साहेब आले, संक्रांतीचे लाडू यंदा कडक झाले. आणि आमच्या घरात दुपारी आवाज नाही. बोर्ड पलंगाखाली गेला. आत्या जेवून टीव्हीसमोर बसते, कुठलंही चॅनेल चालतं तिला. परवा खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. दारातच उभं राहून विचारलं, "आत्या बऱ्या आहेत ना? आवाज येत नाही हल्ली." वर्षभर तक्रार करणाऱ्या बाईंना ते कळलं. तिच्या भावाला कळलेलं नाही. तो म्हणतो, बरं झालं, आता जरा आराम करते.

मी तिला म्हटलं, आपण दोघी खेळू. तिने नको म्हणून मान हलवली. म्हणाली, "कव्हर ऱ्हवला." मला वाटलं होतं तिला फायनल पाहिजे, बावीस-अठरा पाहिजे, सेक्रेटरीला हरवायचंय. ते सगळं असेलही. पण त्या एका शॉटला वर्ष गेलं, तो जमला, राणी गेली, आणि तो धरला जाणार की नाही हे ठरवणारा हात तिला खेळू दिला नाही. एवढंच तिच्या मनात अडकून बसलंय. तो हात खेळेपर्यंत ती दुसरा खेळणार नाही, मी तिला पुरती ओळखते.

त्या रविवारी सगळ्यांनी मोबाइल वर केले होते. राणी गेल्यावर, माइक ठेवायच्या आधी, कितीतरी जणांनी फोटो काढले. मी माझ्या मोबाइलमध्ये शोधलं, पण मी नुसती बघत राहिले होते, माझ्याकडे नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्ही आमच्या इमारतीतले असाल आणि त्या संध्याकाळी टाळ्या वाजवल्या असतील, तर मोबाइल उघडा, तो फोटो शोधा. त्यात प्रत्येक सोंगटी कुठे होती ते दिसतं. येत्या रविवारी हॉलमध्ये या, बोर्डावर सोंगट्या तशाच मांडा, आत्याला खाली बोलवा आणि तिला कव्हर घेऊ द्या. त्यानंतर समोरच्या खुर्चीवर सेक्रेटरीला बसवा, बावीस-अठरावर. टाळ्या वाजवू नका. आणि तुम्ही आमच्या इमारतीतले नसाल, तर तुमच्या इमारतीत पुढचा सत्कार कुणाचा ठरलाय ते आज विचारून घ्या. शाल आणायच्या आधी त्या माणसाच्या घरी जा, त्याला खेळायचं आहे का विचारा, आणि तो हो म्हणाला तर त्याचं नाव घाला.